खालच्या दाढेची भूल : सोसू नका, सांगा

 आम्ही बचत गटांचे समन्वयक आहोत. माणपासून वाळव्यापर्यंत आणि खटावपासून जतपर्यंत आम्ही गटांच्या बैठकांना जातो. आधी हप्त्यांचा हिशोब होतो, वह्या लिहून होतात, आणि मग दुखण्याखुपण्याच्या गोष्टी निघतात. कंबर, गुडघे, डोळे आणि दाढ, ही चार दुखणी प्रत्येक बैठकीत असतातच. आज आपण दाढेबद्दल बोलू. त्यातही एकाच गोष्टीबद्दल : खालची दाढ काढण्याआधी किंवा तिची नस साफ करण्याआधी डॉक्टर जे भुलीचं इंजेक्शन देतात, त्याबद्दल.

हाच विषय का, ते सांगतो. "मला ते इंजेक्शन लागतच नाही," हे वाक्य आम्ही बैठकांमध्ये पुष्कळदा ऐकलं. कुणी म्हणतं, माझं अंगच तसलं, औषध चढत नाही. कुणी म्हणतं, डॉक्टरनं नुसतं पाणी टोचलं. आणि गंमत अशी, की ही तक्रार बहुतेक वेळा खालच्या दाढेची असते. वरच्या दाढेबद्दल असं बोलणाऱ्या फार थोड्या.

खटाव तालुक्यातल्या आमच्या एका गटातल्या मावशींचं उदाहरण घ्या. त्या खालची डावी दाढ काढायला गेल्या होत्या. सुई टोचली. थोड्या वेळानं डॉक्टरांनी विचारलं, "झालं का बधिर?" मावशींची जीभ जड झाली होती, म्हणून त्या "हो" म्हणाल्या. पकड लावली, तशी कळ मस्तकात गेली. मावशींनी खुर्चीचे हात घट्ट धरले, डोळे मिटले आणि सोसलं. दाढ निघाली, पण मनात भीती बसली. पुढं दुसरी दाढ किडली, तरी त्या दवाखान्याची पायरी चढल्या नाहीत. लवंग झाली, मिश्री झाली, मेडिकलमधून आणलेली गोळी झाली. शेवटी गाल सुजला, तोंड उघडेना, आणि ऐन सुगीत आठ दिवस अंथरुणाला खिळल्या. घरचे वर म्हणतात, "बाळंतपणाच्या कळा सोसल्यास, आणि दाढेला काय घाबरतेस?"

मैत्रिणींनो, मावशींचं अंग काही वेगळं नव्हतं, आणि डॉक्टरांनी पाणीही टोचलं नव्हतं. औषध नसेपासून काही मिलीमीटर अलीकडं पडलं, एवढंच. असं होतं हे डॉक्टरांना माहीत असतं आणि त्यावर त्यांच्याकडं उपायही असतात. पण तो उपाय करायचा, तर भूल चढली नाही हे त्यांना कळायला हवं. ते सांगू शकणारी खुर्चीवर एकच व्यक्ती असते, ती म्हणजे तुम्ही. आजच्या बोलण्याचं सार एवढंच आहे. आता ते नीट समजून घेऊ.

हात स्वच्छ असतील तर आमच्याबरोबर एक करून बघा. कानाच्या पाळीखाली बोट ठेवा. तिथं जबड्याचा कोपरा लागेल. त्या कोपऱ्यापासून हाड कानाच्या पुढून वर जातं. घास चावल्यासारखं केलं की तिथला स्नायू फुगतो. या उभ्या हाडाच्या आतल्या बाजूला, म्हणजे जिभेकडच्या बाजूला, साधारण मधोमध एक लहानसं भोक असतं. मेंदूकडून येणारी नस त्या भोकातून जबड्याच्या हाडात शिरते आणि हाडाच्या आतून पुढं हनुवटीपर्यंत जाते. वाटेत प्रत्येक दाढेला, प्रत्येक दाताला तिचा फाटा मिळतो. शेवटचा फाटा हनुवटीजवळ हाडातून बाहेर येऊन खालच्या ओठाला जातो. ओठाची ही गोष्ट ध्यानात ठेवा, ती पुढं उपयोगी पडणार आहे.

आता वरच्या आणि खालच्या जबड्यातला फरक. आपल्याकडं मुरमाड रान असतं आणि कातळही असतो. मुरमावर पाणी टाकलं की ते झिरपत खाली जातं. कातळावर टाकलं तर वरच्या वर वाहून जातं. वरच्या जबड्याचं हाड मुरमासारखं आहे. दाढेच्या शेजारी हिरडीत औषध टोचलं की ते हाडातून झिरपून मुळापर्यंत पोचतं. मोठ्या माणसाच्या खालच्या दाढांजवळचं हाड मात्र जाड आणि घट्ट, कातळासारखं. दाढेशेजारी औषध टोचून ते सहसा पुरेसं आत जात नाही. मग काय करायचं? उसाच्या एकेका सरीचं पाणी अडवत बसण्यापेक्षा आपण वर जाऊन चारीचं दारच बंद करतो, तसंच. नस जिथं हाडात शिरते, त्या भोकापाशीच औषध सोडायचं. दार बंद झालं की त्या बाजूच्या सगळ्या दाढा एकदम शांत.

अडचण अशी, की हे दार डोळ्यांना दिसत नाही. ते तोंडाच्या पार मागं, मांसाच्या आड असतं आणि त्याच्या तोंडाशी हाडाचा एक छोटासा पडदाही असतो. डॉक्टरांना ते खुणांवरून शोधावं लागतं. अंगठा गालाच्या आत घालून ते त्या उभ्या हाडाची पुढची धार चाचपतात. खालच्या दातांच्या रेषेपासून सुमारे एक सेंटीमीटर वरची जागा धरतात. सिरिंज तोंडाच्या दुसऱ्या बाजूनं तिरपी आणतात आणि सुई दोन ते अडीच सेंटीमीटर आत नेतात, म्हणजे बोटाच्या साधारण एका पेराएवढी. सुईचं टोक हाडाला टेकलं की ती त्यांची खूण. लगेच टेकलं तर सुई फार पुढं आहे. टेकलंच नाही तर फार मागं गेली आहे. दोन्ही वेळा सुई थोडी मागं घेऊन दिशा बदलावी लागते. जागा बरोबर मिळाली की सिरिंजचा दट्ट्या किंचित मागं ओढून रक्त येत नाही ना हे बघतात, कारण औषध रक्तवाहिनीत जाता कामा नये. मग हळूहळू, मिनिटभर घेऊन, औषध सोडतात. घाईनं सोडलं तर दुखतंही जास्त.

हे इंजेक्शन काही आजकालचं नाही. १८८४ साली अमेरिकेत न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉलस्टेड नावाच्या सर्जननं खालच्या जबड्याच्या नसेजवळ औषध टोचून दात बधिर करता येतात, हे दाखवलं. तेव्हा औषध होतं कोकेन. ते इतकं वाईट, की खुद्द हॉलस्टेड त्याच्या व्यसनात अडकले. पुढं चांगली औषधं आली. १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी लिग्नोकेन तयार केलं आणि १९४८ पासून ते विकायला आलं. आज आपल्याकडच्या दवाखान्यांत बहुतेक हेच वापरतात. त्याचं व्यसन लागत नाही. म्हणजे औषध सुधारलं, पण ते पोचवायची जागा तीच राहिली, दिसत नाही अशी.

म्हणूनच चांगल्या, शिकलेल्या, अनुभवी डॉक्टरांच्या हातूनही हे इंजेक्शन कधी कधी पुरतं चढत नाही. दातांच्या डॉक्टरांच्या पुस्तकांतच लिहिलेलं असतं, की शंभर वेळा दिलं तर पंधरा ते वीस वेळा पहिल्या टोचण्यात पुरेशी भूल येत नाही. दाढेची नस आधीच सुजून ठणकत असेल, तर याहून जास्त वेळा.

याची कारणं बघू. पहिलं कारण, सुई थोडी खाली किंवा थोडी पुढं राहणं. प्रत्येकीच्या जबड्याची ठेवण वेगळी. कुणाचं ते भोक वर असतं, कुणाचं खाली. लहान मुलांचं खाली असतं, वाढत्या वयात वर सरकतं. ज्या आजीचे सगळे दात पडलेत, तिच्या तोंडात अंदाज घ्यायला दातांची रेषाच नसते. दुसरं कारण, काही जणींच्या दाढेला मोठ्या नसेशिवाय आणखी एखादा बारीक फाटा दुसरीकडून आलेला असतो. चारीचं दार बंद केलं तरी शेजारच्या पाटातून पाझर यावा, तसं. तिसरं कारण म्हणजे पू आणि सूज. पू झालेल्या भागात आंबटपणा वाढतो आणि तिथं भुलीच्या औषधाची ताकद कमी पडते. दाढ ठणकायला लागल्यावर पंधरा दिवस गोळ्यांवर काढले आणि मग गेलो, तर भूल चढायला अवघड जाते, ती यामुळं. चौथं कारण, तोंड पुरेसं न उघडणं. सुपारी आणि गुटखा खाऊन खाऊन तोंडाच्या आतली कातडी ताठ होते, दोन बोटंही आत जात नाहीत. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ सालापासून बंदी आहे, तरी तो कोणत्या टपरीवर मिळतो हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. तोंडच उघडलं नाही तर सुई जागेवर न्यायची कशी? आणि पाचवं कारण घाई. औषध मुरायला वेळ लागतो. ओठ जड व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात. दाढेच्या आतली नस शांत व्हायला दहा-पंधरा मिनिटंही लागू शकतात.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. भूल बरोबर चढली का, हे आपलं आपल्याला ओळखता येतं. मघाशी सांगितलं, की त्या नसेचा शेवटचा फाटा खालच्या ओठाला जातो. म्हणून खालची दाढ बधिर व्हायची असेल तर त्याच बाजूचा अर्धा खालचा ओठ आणि हनुवटीची ती बाजू जड झाली पाहिजे. ओठ सुजून जाड झाल्यासारखा वाटतो, मुंग्या येतात, बोट लावलं तर परक्याचा ओठ वाटतो. नुसती जीभ जड झाली आणि ओठ नेहमीसारखाच आहे, तर भूल पुरी चढलेली नाही. जिभेची नस वेगळी. ती सुईच्या वाटेवरच असते, म्हणून ती आधी बधिर होते. खटावच्या मावशींचं नेमकं हेच झालं होतं. जीभ जड झाली म्हणून त्या "हो" म्हणाल्या.

तेव्हा डॉक्टरांनी "झालं का बधिर?" विचारलं की नुसतं हो-नाही म्हणू नका. "जीभ जड आहे, पण ओठ नाही झाला," असं सांगा. किंवा "ओठ पण झाला, हनुवटी पण झाली," असं सांगा. या एका वाक्यानं डॉक्टरांना सुई कुठं पडली याचा अंदाज येतो. आणि ओठ बधिर झाला तरी दाढ पूर्ण झाली असेलच असं नाही. म्हणून डॉक्टर कामाला लागण्याआधी दाढेभोवती टोकदार अवजारानं टोचून बघतात. तसं टोचल्यावर दुखलं, तर तेव्हाच सांगायचं.

इथं एक फरक ओळखायला शिका. भूल कळ थांबवते, दाब थांबवत नाही. दाढ हलवताना ढकलल्यासारखं, ओढल्यासारखं वाटणार. कडकड आवाजही येईल. ते चालायचंच. पण चाकू खुपसल्यासारखी, करंट बसल्यासारखी कळ आली, तर ती यायला नको होती. अशा वेळी डावा हात वर करायचा. तोंड उघडं असतं, बोलता येत नाही, म्हणून ही खूण सुरू होण्याआधीच डॉक्टरांशी ठरवून घ्या : "मला दुखलं तर मी डावा हात वर करीन, तेव्हा थांबा." हात फक्त वर करायचा, डॉक्टरांचा हात धरायचा नाही. त्यांच्या हातात धारदार अवजार असतं.

तुम्ही सांगितल्यावर डॉक्टर काय करतात? कधी नुसती आणखी पाच-दहा मिनिटं वाट बघतात. कधी थोडी वरची जागा धरून पुन्हा इंजेक्शन देतात. दुसऱ्या पद्धतीही आहेत. ऑस्ट्रेलियाच्या गो-गेट्स नावाच्या दंतवैद्यानं १९७३ साली एक पद्धत सांगितली. तिच्यात नस आणखी वर, कानाच्या पुढच्या सांध्याजवळ गाठतात. ज्यांचं तोंड उघडत नाही त्यांच्यासाठी दात मिटलेले ठेवूनच सुई देण्याची एक पद्धत आहे. ती १९६० साली वझिरानी यांनी आणि पुन्हा १९७७ साली अकिनोसी यांनी मांडली, म्हणून तिला दोघांचं नाव आहे. दाढ आणि हाड यांच्यामधल्या फटीत बारीक सुईनं थेंब-थेंब औषध देण्याचीही रीत आहे. कोणती पद्धत वापरायची ते डॉक्टर ठरवतील. पण उपाय आहेत, हे आपल्याला माहीत असावं. पू जास्त असेल तर डॉक्टर म्हणतील, "आज दाढ काढायची नको, आधी पू कमी करू." तेव्हा "एसटीनं एवढ्या लांब आले, आजच काढा," असा हट्ट धरू नका. एक खेप वाढते, रोजगार बुडतो, हे आम्हाला समजतं. तरीही ऐका.

आणखी एक गैरसमज. "दोन-तीनदा टोचलं, म्हणजे डॉक्टरला येत नसणार." तसं नाही. खालच्या मोठ्या दाढांच्या गालाकडच्या हिरडीची नस वेगळी असते, तिला वेगळं टोचावंच लागतं. म्हणजे दोन टोचण्या तर ठरलेल्याच. मात्र कितीही वेळा टोचत राहता येत नाही. किती औषध द्यायचं याला वजनाप्रमाणं मर्यादा असते आणि तो हिशोब डॉक्टर ठेवतात.

आता आपल्या हातात काय आहे, ते बघू. आधी जाण्यापूर्वीचं. उपाशीपोटी जाऊ नका. एकादशी, चतुर्थी, नवरात्राचा उपास असेल त्या दिवशी दाढ काढायला जाऊ नका. सुई बघून चक्कर येणाऱ्या बायकांत रिकाम्या पोटी, घाबरून आलेल्या पुष्कळ असतात. मग त्या म्हणतात, मला भुलीचं औषध चालत नाही. भाकरी खाऊन जा. बीपीची, साखरेची गोळी चालू असेल तर डॉक्टरांनी बंद करायला सांगितल्याशिवाय चुकवू नका. गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्या. बीपी, साखर, हृदयाचा आजार, दमा, फिट, रक्त पातळ करणारी गोळी, पूर्वी एखाद्या औषधानं उठलेलं पित्त, यातलं काहीही असेल तर आधी सांगा. पोटात बाळ असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल, तर तेही सांगा. गरोदरपणात दातांचे उपचार करताच येत नाहीत, हा समज खरा नाही. लिग्नोकेनची भूल गरोदरपणात देता येते. चौथा ते सहावा महिना उपचाराला सोयीचा धरतात. अंगावर पाजणाऱ्या बाईलाही ही भूल देता येते. आणि हे तर आवर्जून सांगा : "मागच्या वेळी खालच्या दाढेची भूल मला चढली नव्हती." एवढं कळलं तर डॉक्टर पहिल्यापासूनच वेगळी तयारी ठेवतात.

मग खुर्चीवर बसल्यावरचं. तोंड होईल तेवढं मोठं उघडा. त्यानं आतल्या खुणा स्पष्ट दिसतात. सुई आत असताना मान हलवू नका, तोंड मिटू नका. खेळ मिलीमीटरचा आहे, थोडं हललं तरी टोक सरकतं. नाकानं सावकाश श्वास घ्या, खांदे सैल सोडा. औषधात रक्तस्राव कमी करणारं अॅड्रिनॅलिन मिसळलेलं असतं, त्यानं काही वेळ छाती धडधडू शकते. धडधडलं तर सांगा. सुई आणि सिरिंज नवी, पाकिटातून काढलेली असावी. तसं विचारण्यात काही गैर नाही.

आणि घरी आल्यावरचं. ही भूल दोन ते चार तास राहते. तोपर्यंत घास चावून खाऊ नका, गरम चहा पिऊ नका. ओठ चावला, जीभ भाजली तरी तेव्हा कळत नाही, भूल उतरली की कळतं. लहान मुलाला भूल दिली असेल तर भूल उतरेपर्यंत त्याच्यावर लक्ष ठेवा. मुलं गंमत म्हणून ओठ चावत बसतात आणि जखम करून घेतात. दोन-चार दिवस तोंड उघडताना मागं दुखलं तर घाबरू नका, सुई स्नायूतून गेलेली असते. दुखणं वाढत गेलं, तर मात्र दाखवा. दुसऱ्या दिवशीही ओठ किंवा जीभ बधिरच असेल, तर डॉक्टरांना कळवा. असं क्वचित होतं आणि बहुतेकदा आपोआप भरून येतं, पण नोंद झाली पाहिजे. आणि भूल घेतलेली असो वा नसो, जबड्याखाली किंवा गळ्याला सूज आली, गिळता येईना, श्वासाला त्रास होऊ लागला, ताप चढला, तर रात्र काढू नका. त्याच वेळी मोठ्या दवाखान्यात जा. दाढेचा पू गळ्यात उतरला तर जिवावर बेततं.

जायचं कुठं, हेही सांगतो. कायद्याप्रमाणं दातांच्या डॉक्टरांची नोंदणी असावी लागते. आपल्या राज्यात ती महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडं होते. दवाखान्यात नोंदणी क्रमांक लावलेला आहे का, बघा. बाजाराच्या दिवशी पेटी घेऊन बसणाऱ्याकडून दाढ उपटून घेऊ नका. ते दार शोधायचं शिक्षण त्याला मिळालेलं नसतं. साताऱ्याला क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय आहे, सांगलीला पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आहे. कराडला कृष्णाचं दंत महाविद्यालय आहे. सांगलीत भारती विद्यापीठाचं आहे आणि कवलापूरला वसंतदादा पाटलांच्या नावाचं. दंत महाविद्यालयांत शिकणारी मुलं-मुली प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. भूल चढली नाही असं तिथं सांगितलं की वरचे डॉक्टर येऊन बघू शकतात. "जरा सरांना किंवा मॅडमना बोलवता का?" असं विचारायला बिचकू नका. त्या मुलांनाही त्यातून शिकायला मिळतं.

मैत्रिणींनो, आपल्याला लहानपणापासून शिकवतात की सोसणारी बाई चांगली. पण दवाखान्याच्या खुर्चीवर सोसून कुणाचंच भलं होत नाही. डॉक्टरांना वाटतं भूल चढली, ते काम चालू ठेवतात. आपण घाबरून घरी येतो, पुढची दहा वर्षं तिकडं फिरकत नाही. एका दाढेच्या चार दाढा होतात. जिथं पाच मिनिटं थांबून, पुन्हा एकदा टोचून काम झालं असतं, तिथं शेवटी गटातून मोठं कर्ज काढायची पाळी येते. आणि घरात आईनं सांगितलेली भीती मुलगी पुढं नेते. "गप बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील," असं मुलांना म्हणूच नका.

आमचं एक सुचवणं आहे. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं या विषयाला द्या. कुणाची खालची दाढ दुखते आणि भीतीपोटी अंगावर काढलीय, ते विचारा. दोघी-दोघींच्या जोड्या लावा. एकीची दाढ, दुसरीची सोबत. सोबत जाणारीनं बाहेर बाकड्यावर बसायच्या आधी डॉक्टरांना एवढं सांगायचं : "हिला मागच्या वेळी फार दुखलं होतं, ओठ बधिर झाल्याशिवाय सुरू करू नका." आणि गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर चार ओळी लिहून ठेवा : जेवून जायचं. आजार आणि गोळ्या सांगायच्या. जीभ नाही, ओठ बघायचा. दुखलं तर डावा हात वर.

खटावच्या त्या मावशींची सूज उतरल्यावर गटातली एक ताई त्यांच्याबरोबर गेली. पहिल्या टोचण्यानंतर मावशी स्वतःच म्हणाल्या, "डॉक्टर, ओठ नाही झाला अजून." डॉक्टर थांबले, पुन्हा दिलं, दहा मिनिटं बसवलं. या वेळी दाढ निघाली तेव्हा मावशींनी खुर्चीचे हात धरले नव्हते. आता गटातल्या बाकीच्या जणींना ओठाची खूण त्याच समजावून सांगतात.

तुमच्या गटात असं काही घडलं, कुणाची भूल चढली नाही, कुणी हात वर करून सांगितलं, तर आम्हाला बैठकीत जरूर सांगा. आजच्यापुरतं एवढंच. दातांची काळजी घ्या.